मातीखालची टोके

तळहातावरचा तो खिळा (दोन पायांचा, कमानीसारखा वाकलेला, तारेला लाकडाशी धरून ठेवणारा) गंजून इतका झिजला होता की त्याला वजन म्हणून उरलेच नव्हते. मेरविनने अंगठ्याने तो नुसता उलटला, तर त्याची तांबूस पूड तळहाताच्या रेषांमध्ये जाऊन बसली, आणि त्याला वाटले, एवढ्याशा या जिवाने छत्तीस वर्षे तार धरून ठेवली – वारा, बर्फ, पाठ घासायला येणारी मेंढरे, इडवलचे माजलेले गोऱ्हे, सगळ्यांना पुरून उरला – आणि आता पकडीच्या एका हिसक्यासरशी निमूटपणे निघून आला. त्याने तो खिशात टाकला. खिळे गवतात फेकायचे नसतात, मेंढरांच्या खुरात जातात. खिसा आधीच जड झाला होता, चालताना मांडीवर आपटत होता, आणि ते आपटणेही आज बरे वाटत होते... आजच्या दिवसात न आवडण्यासारखे काही सापडतच नव्हते. आठवडाभर पाऊस नाही, सप्टेंबरचे ऊन पाठीवर, उताराच्या टोकाला नेचा तांबूस व्हायला लागलेला, वर एक घार आपली सावली सांभाळत फिरत असलेली.

"झोपलास काय रे पोरा?" ट्रॅक्टरवरून इडवल ओरडला.

मेरविन चौसष्ट वर्षांचा होता. त्याला पोरा म्हणणारी आता पृथ्वीवर एवढीच एक व्यक्ती उरली होती.

"खिळा बघत होतो."

"बघ, बघ. माझं काय, मी अठ्ठ्याहत्तरचा. मला वेळच वेळ आहे."

कुंपण दोघांच्या शेतांमधले होते. वरच्या दगडी बांधापासून सुरू होऊन डोंगराच्या अंगावरून ओढ्यापर्यंत उतरणारे. म्हणून काम दोघांचे. ट्रॅक्टर आणि साखळी इडवलची, कंबर आणि पहार मेरविनची, असा हिशेब इडवलनेच लावला होता. कंत्राटदाराला सांगितले असते तर त्याचे यंत्र दोन दिवसांत सगळे उरकून गेले असते. पण जुने खांब परक्याच्या हाताने उपटून घ्यावेत हे मेरविनच्या मनाला पटेना. नवे खांब अंगणात येऊन पडले होते, गोल, गुळगुळीत, औषध पाजून हिरवट झालेले, सगळे एका आईची लेकरे असल्यासारखे. चांगलेच होते. टिकतील. पण त्यांच्याकडे बघून काही आठवत नव्हते, एवढेच.

पद्धत ठरलेली. आधी तार सोडवायची. मग खांबाच्या बुडाशी साखळीचा फास टाकायचा, इडवलने ट्रॅक्टरचा पुढचा हात हळूहळू वर उचलायचा, आणि खांब एकतर जमिनीलगत काडकन मोडायचा – मग खालचा तुकडा पहारीने उकरत बसायचे – नाहीतर चिखलातून बूट निघावा तसा आवाज करत अख्खा वर यायचा. लाकूड सडते ते नेमके हवा आणि माती जिथे भेटतात तिथे. वर वाऱ्यात ते टिकते, खाली काळ्या दलदलीच्या मातीत टिकते, मधल्या वीतभर जागेत मरते.

पहिला अख्खा खांब वर आला तेव्हा मेरविन त्याच्यापाशी उकिडवा बसला आणि त्याने टोकावरची माती अंगठ्याने सारली. खाली ओकचे लाकूड कालच तासल्यासारखे होते – काळपट, ओले, पण कालचे. तीन बाजूंनी तीन लांब काप, प्रत्येक काप दोन-तीन घावांत संपलेला, आणि प्रत्येकावर केसाएवढी उंच एक रेघ. त्याच्या कुऱ्हाडीच्या पात्याला तेव्हा एक खाच पडली होती. तिने तासलेल्या प्रत्येक लाकडावर ती रेघ उमटायची. अठ्ठाविसाव्या वर्षीचा आपला हात मेरविनला असा मातीखाली सापडला, आणि त्याला त्या हाताचे इतके कौतुक वाटले की लाजच वाटली. केवढा आत्मविश्वास... एक घाव चुकलेला नाही. ओढ्याकाठचा वादळात पडलेला ओक त्याने आणि इडवलने पाचरी ठोकून फाडला होता, त्यातून एकशे बारा खांब निघाले होते आणि शिवाय एक रास उरली होती, शेडमागे रचून ठेवलेली, कधीतरी लागेल म्हणून. आणि तो एकेक खांब मांडीला टेकवून टोक काढत बसायचा, आणि नवी नवरी नेस्टा दारात उभी राहून बघायची. बघते आहे हे ठाऊक असल्यामुळे घाव जास्तच सरळ पडायचे.

"तुझंच आहे," इडवल वरून म्हणाला. "सही केल्यासारखी रेघ आहे."

"माझंच," मेरविन म्हणाला.

हे कुंपण त्याच्यासाठी नुसते कुंपण नव्हते. आणि ते आता साऱ्या दरीला ठाऊक होते, कारण त्याने स्वतःच ते सांगितले होते.

त्या दोन वर्षांना त्याने कधी नाव दिले नाही. डॉक्टरांनी दिले होते. ते त्याला दुसऱ्याच्या कोटासारखे वाटले. काही घडले नव्हते, हीच त्यातली सगळ्यांत अवघड गोष्ट होती. कोणी मेले नव्हते, कळपाला रोग नव्हता, बँकेचे पत्र नव्हते. तो चव्वेचाळीस वर्षांचा होता. एका संध्याकाळी घरात येऊन त्याने एका बुटाची नाडी सोडली, आणि दुसरी का सोडायची हे त्याला कळेना. तो तसाच बसून राहिला. नेस्टाने ताट वाढले, ताट गार झाले, आणि तो एका पायात बूट घालून बसलेलाच. मग पलंग. मग भिंत. भिंतीवरच्या रंगाला एक पोपडा आला होता, त्याचा आकार त्याला अजून काढून दाखवता येईल. दोन हिवाळे गेले. नेस्टा सकाळी शाळेच्या स्वयंपाकघरात जायची, दुपारी येऊन मेंढरे बघायची, हे त्याला माहीत होते. म्हणजे आवाजांवरून माहीत होते. दाराचा आवाज, बादलीचा, कुत्र्याला हाक मारल्याचा. त्या आवाजांना काही अर्थ असतो, ते कोणाच्या तरी हातांतून येतात, थकलेल्या हातांतून येतात, हे त्याच्यापर्यंत पोचत नव्हते.

आणि मग मार्चमधली ती सकाळ. का ते सांगता येणार नाही... बहुधा टिटवी ओरडली होती. तो उठला, दोन्ही बूट घातले, आणि कोणाला न सांगता बाहेर पडून वरच्या बांधापासून खाली ओढ्यापर्यंत कुंपणाच्या कडेने चालत गेला, प्रत्येक खांबावर हात ठेवत. एकही पडला नव्हता. दोन हिवाळे, तो बर्फ, ते गोऱ्हे, आणि बघायला कोणी नसताना माझे एकशे बारा खांब उभे होते! तू पडलास, पण तुझे काम पडले नाही, असे कुणीतरी त्याला स्पष्ट म्हणाले, आणि ते कुणीतरी म्हणजे तो स्वतःच होता. मी इतका वाया गेलेलो नाही. या एका वाक्याला धरून तो परत वर आला. एकदम नाही, पण आला.

चार वर्षांपूर्वी दरीतल्या एका तरुण शेतकऱ्याने स्वतःला संपवले, तेव्हा चॅपेलच्या (म्हणजे गावच्या प्रार्थनाघराच्या) हॉलमध्ये सगळे जमले होते आणि कोणी काही बोलेना, खुर्च्या नुसत्या करकरत होत्या. मेरविन उठला. जन्मात कधी चार माणसांसमोर उभा राहून न बोललेला माणूस; पण त्याने ते सगळे सांगितले – बूट, भिंत, टिटवी, खांब. "कुंपणानं मला वाचवलं," असे म्हणाला. "आपल्या हातचं काम आपल्या पाठीमागं उभं असतं. दिसत नसलं तरी." माणसे रडली. एक पोरगा नंतर येऊन त्याचा हात कितीतरी वेळ धरून राहिला. नेस्टा तिसऱ्या रांगेत पर्स मांडीवर घेऊन बसली होती, आणि सगळा वेळ त्या पर्सकडेच बघत होती. तिला गहिवरून आले असेल असे त्याला वाटले. इडवलला मात्र खोकल्याची अशी उबळ आली की तो बाहेरच गेला.

ओढ्याच्या अलीकडे जमीन ओली होत जाते, लव्हाळा सुरू होतो. तिथे ट्रॅक्टर रुतला असता; म्हणून इडवल उतरला, गुडघ्यांना चार शिव्या देत. आता खांबाला साखळी बांधून तिच्यात पहार अडकवायची, खाली लाकडाचा ठोकळा, आणि दोघांनी पहारीवर भार टाकायचा. चार-पाच खांब असे काढून झाले. पुढचा हलत होता, पण निघेना. मेरविनने छाती टेकून जोर केला, आणि तो अचानक, उसासा टाकल्यासारखा, अख्खा बाहेर आला.

मेरविनने सवयीने टोकावरची माती सारली.

हे काय?

टोक होते, पण उंदराने कुरतडून काढल्यासारखे. तीन बाजू नाहीत, चार नाहीत, बाजूच नाहीत – सगळीकडून लहान लहान, भीत भीत मारलेले घाव, कुठे फार खोल, कुठे नुसती साल खरवडलेली, आणि टोक एका अंगाला कललेले. असले टोक त्याने आयुष्यात काढले नव्हते. दारू पिऊनसुद्धा नाही. लाकूड तेच, फाडलेला ओक, त्याच झाडाचा. वरचा भाग बाकीच्यांसारखाच राखाडी. जमिनीच्या वर बघणाऱ्याला शंभर वर्षांत काही कळले नसते.

"हे बघितलंत?"

"बघितलं. लाकूड आहे."

"टोक बघा."

"टोक आहे. मग? खांबाला टोक असतंच."

"हे मी काढलेलं नाही."

"मग काय मी काढलंय?" इडवल म्हणाला. "माझ्या हातून असलं टोक निघालं असतं तर माझ्या बापानं मला घराबाहेर काढलं असतं." आणि मग, टोकाकडे न बघता, नको तितक्या घाईने, "चल, पुढचा घे. चहा कधी यायचाय आज?"

पुढचा घेतला. तसाच. त्याच्या पुढचा मेरविनचा होता, सरळ, तीन कापांचा. त्याच्या पुढचा पुन्हा कुरतडलेला. पण जरा कमी. मेरविन आता खांब बाजूला फेकत नव्हता. तो एकेक उचलून गवतावर ओळीने ठेवत होता, आणि इडवल बोलत नव्हता, आणि इडवल बोलत नाही म्हणजे काय हे पन्नास वर्षे शेजारी राहिलेल्याला कळायला वेळ लागत नाही.

सहाव्या की सातव्या खांबावर त्याला ती दिसली. आडव्यातिडव्या घावांच्या गर्दीत, प्रत्येक घावावर, केसाएवढी उंच रेघ.

कुऱ्हाड माझीच होती.

कुऱ्हाड शेडच्या दारामागे टांगलेली असायची. ती कधी कोणाला उसनी दिली नाही. इडवलकडे स्वतःच्या तीन होत्या. मग कोण... आणि त्याच क्षणी, न बोलावता, शेडमागची ती रास त्याच्या डोळ्यांसमोर येऊन उभी राहिली – उरलेल्या खांबांची रास – आणि बरे झाल्यानंतरचा तो पहिला उन्हाळा, आणि अर्ध्याहून कमी झालेल्या त्या राशीपुढे उभा राहून नेस्टावर ओरडणारा तो स्वतः. "ओक? चुलीत? फाडून ठेवलेला, वाळवलेला ओक जाळलास तू?" आणि हात पुसत दारात आलेली नेस्टा. तिने त्याच्याकडे बघितले होते, मग राशीकडे. "थंडी फार होती," एवढेच ती म्हणाली होती.

थंडी फार होती.

आणि तो तिथे थांबला नव्हता. त्या गोष्टीचा त्याने विनोद केला होता, अठरा वर्षे. चूल पेटवली की, पाहुणे आले की, कोणाच्या लग्नात – "आमच्या नेस्टाला ओकाशिवाय ऊब येत नाही बरं का!" लोक हसायचे. नेस्टा हसायची. तिचे ते हसू आता त्याला आठवले, एकेक करून सगळी हसणी आठवली, आणि तो पहार टेकवून उभा राहिला.

पहिल्यांदा राग आला. खोटे कशाला बोला. हे दोघे अठरा वर्षे बघत होते. मी प्रत्येक खांबावर हात ठेवत चाललो होतो तेव्हा हिने खिडकीतून बघितले असेल. मी हॉलमध्ये उभा राहून शहाणपणा शिकवत होतो, आपल्या हातचं काम आपल्या पाठीमागं उभं असतं म्हणून, आणि ती पर्सकडे बघत होती. तो खोकला... तो खोकला नव्हताच. आणि त्या पोराला मी काय सांगितले? ज्या एका गोष्टीला धरून मी वर आलो ती गोष्टच झाली नव्हती. खांब पडले होते. माझ्याबरोबर तेही पडले होते. मग मी कशाला धरून वर आलो?

पट्ट्यातले राहिलेले खांब काढून झाल्यावर तो ओळीकडे बघत राहिला. त्याचे नसलेले सतरा होते आता. ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने ठेवलेले. आणि त्याचे लाकडावरचे डोळे – मन कितीही बिथरले तरी ते डोळे आपले काम सोडत नव्हते – हळूहळू काहीतरी वाचायला लागले. पहिले टोक म्हणजे नुसती धास्ती होती. दुसऱ्यात धास्तीच, पण हट्टही. चौथ्या-पाचव्याला घाव लांबले होते. कुणीतरी सांगितले असावे की कुऱ्हाड दाबायची नसते, तिला पडू द्यायची असते. नवव्याला बाजू दिसू लागल्या होत्या. बाराव्याला तीनच. आणि शेवटच्या दोघांची टोके... ती त्याने काढली असे कोणीही म्हटले असते. खांबाखांबागणिक हात बसत गेला होता. इथे, ओढ्याकाठी, या ओल्या पट्ट्यात, जो पलंगाजवळच्या खिडकीतून दिसत नाही. वरचा अर्धा उतार दिसतो, हा दिसत नाही. शाळेतल्या दीडशे पोरांची भांडी विसळून आलेले ते हात, त्या हिवाळ्यांतला चारलाच संपणारा उजेड... दाराचा आवाज, बादलीचा, कुत्र्याला हाक मारल्याचा. आणि त्यांच्यामध्ये एक ठक् ठक् असणार. ऐकू आलीही असेल. मी भिंतीकडे तोंड करून ती ऐकली असेल.

"आली," इडवल हळू आवाजात म्हणाला.

नेस्टा उतारावरून येत होती, खांद्याला पिशवी, हातात थर्मास, पुढे कुत्रा. जवळ आली, गवतावरची ओळ तिला दिसली, आणि तिचे पाऊल जरासे थबकले.

"मी काही बोललो नाही हं," इडवल म्हणाला.

"तुम्ही कधीच काही बोलत नाही, इडवल. साऱ्या दरीला माहीत आहे." तिने थर्मास खाली ठेवला आणि पहिल्या खांबाजवळ वाकली. "अरे देवा! मला वाटलं ही सडून गेली असतील."

"खाली सडत नाहीत," मेरविन म्हणाला. "खाली हवा लागत नाही."

"हे मला कोण सांगणार होतं?" तिने त्या कुरतडलेल्या टोकावरून बोट फिरवले. "याला मला अख्खा रविवार लागला होता. किती भयंकर आहे रे."

"भयंकर आहे," इडवल म्हणाला. "मी तेव्हाच म्हटलं होतं. बर्फानं हा जवळजवळ सगळा पट्टा आडवा केला होता, पोरा. मी म्हटलं, मी उभा करतो, तर म्हणाली, खांब आमचे आहेत, आमच्याच खांबांनी उभा करायचा. मग मी ठोकायचो, ही धरायची. मग माझा खांदा धरला. मग ही ठोकायची आणि मी धरायचो. तुझ्या बायकोसमोर खांब धरून उभं राहणं म्हणजे काय असतं ते मला विचार. मी तेव्हा पुन्हा चॅपेलला जायला लागलो."

नेस्टा हसली. मेरविनला हसू आले नाही. येईल असे वाटले, पण मध्येच कुठेतरी अडकले.

"सांगितलं का नाहीस?"

तिने कप काढले, चहा ओतला, एक इडवलला दिला. बेदाण्यांच्या ब्रेडच्या लोणी लावलेल्या फोडी कागदावर मांडल्या. मेरविनला तिचा पाठमोरा खांदा दिसत होता. मग ती म्हणाली, "कधी सांगायचं? तू आलास त्या दिवशी, गुडघ्यापर्यंत भिजलेला, दारात उभा राहिलास आणि म्हणालास, 'नेस्टा, एकही पडला नाही.' दोन वर्षांत पहिल्यांदा माझं नाव घेतलंस. मी काय म्हणणार होते? नाही रे, सतरा पडले, असं?"

ओढ्याचा आवाज येत होता. कुत्रा ब्रेडकडे आणि मग मुद्दाम दुसरीकडे बघत होता.

"आणि नंतर?"

"नंतर तू बरा होतास."

"आणि तो ओक? अठरा वर्षं मी तुला सगळ्यांसमोर..."

"हो," नेस्टा म्हणाली आणि कप त्याच्या हातात दिला. "ते मात्र जरा जास्तच झालं."

इडवल असा हसला की त्याचा चहा लव्हाळ्यात सांडला. आणि मग खोकला, या वेळी खराखुरा. मेरविनही हसला. हसताना डोळ्यांत पाणी आले, ते त्याने गंज लागलेल्या हाताने पुसले, आणि नेस्टा म्हणाली, "आता सगळं तोंड तांबडं केलंस."

आभार मानायला हवेत. त्याला ते अगदी स्पष्ट कळत होते. शब्दही एकच होता, त्यांच्या भाषेतला, मीठ पुढे सरकवले तरी वापरतात तो. तो या सतरा खांबांपुढे ठेवायचा तर कसा? त्याने तो तोंडात घोळवून बघितला. पहिल्या टोकाला तो पुरला असता कदाचित. पण त्या शेवटच्या दोघांना... कोणी बघणार नाही, मातीखाली जाणार, हे ठाऊक असून इतके सुबक काढलेल्या टोकांना?

"साखर आहे का यात?" त्याने विचारले.

"नेहमीइतकी."

चहा संपला. या ओल्या पट्ट्यात नवे खांबही हातानेच बसवायचे होते. पहारीने भोक पाडायचे, खांब उभा धरायचा, आणि दोन मुठींचे ते लोखंडी नळकांडे वरून खांबावर घालून उचलून उचलून आपटायचे. मेरविनने सवयीने नळकांड्याकडे हात नेला. नेस्टाने ते आधीच उचलले होते.

"तू बासष्ट वर्षांची आहेस."

"मला माझं वय माहीत आहे. तू सरळ धर."

"आता प्रार्थना कर," इडवल ठोकळ्यावर बसत म्हणाला.

तो गुडघ्यांवर बसला आणि त्याने खांब दोन्ही हातांनी धरला. या कामात आजवर त्याने कधी खांब धरला नव्हता. तो नेहमी ठोकणारा. खालून सगळे निराळे दिसत होते – तिचे बूट, कोटाची वर सरकणारी कड, आकाश, आणि मग ते लोखंड, जे त्याच्या बोटांच्या वीतभर वर येऊन थांबायचे. पहिल्या घावाला त्याने डोळे मिटले. दुसऱ्याला नाही. हादरा मनगटांतून खांद्यांत, खांद्यांतून छातीत जात होता, आणि खांब बोटबोट खाली उतरत होता, आणि तिचा नेम चुकत नव्हता.

दिवस कलू लागला होता. डोंगराची सावली ओढा ओलांडून अलीकडे आली होती. सप्टेंबर सरायला लागला की दरवर्षी या वेळेला मेरविन स्वतःला चाचपून बघायचा, कुणाला न सांगता, अठरा वर्षे बिनचूक. आज जेवणाला चव लागली का? नाडी सोडावीशी वाटली का? कारण त्या दोन वर्षांतले ते परत आले तर... आणि त्याने मनाशी पक्के धरले होते की ते परत आले तर त्यातून तो स्वतःच स्वतःला बाहेर काढणार, गेल्या वेळेसारखे, एकट्याने. आणि आता वय झाले, आता तेवढी ताकद असेल की नाही कोण जाणे. ही भीती त्याने इतकी वर्षे एखाद्या भरलेल्या बादलीसारखी, सांडू न देता, हात न बदलता उचलून आणली होती. त्याने तिला आता शोधले. ती होती. पण गेल्या वेळी तरी मी एकटा कुठे होतो... भिंतीकडे तोंड करून पडलो होतो, आणि माझ्या पाठीमागे, मला न दिसणाऱ्या उतारावर, कोणीतरी चुकत चुकत टोक काढायला शिकत होते. मी उठलोच नसतो तरी ती शिकली असती. अठरावा खांब तिने एकोणिसाव्यासाठी हात बसावा म्हणून तासला असता.

आणि त्या पोराला काय सांगायचे, ज्याने माझा हात धरला होता? सांगायला हवे. त्याला वेगळेच काहीतरी सांगायला हवे, आणि ते काय हे अजून नीट जुळत नव्हते. शब्द येत होते आणि प्रत्येक हादऱ्यासरशी पुन्हा विखरत होते.

"हात दुखतायत?" नेस्टाने वरून विचारले. तिला धाप लागली होती. केसांची एक बट ओठांत अडकली होती.

"नाही," तो म्हणाला. "ठोक."

तिने नळकांडे उचलले. त्याने वर बघितले, आणि खांबावरची पकड सैल केली – अगदी थोडी, तो सरळ राहील एवढीच ठेवून – आणि त्या आटोपत आलेल्या उजेडात, आपण पडू अशा जागी आपल्याला कोणीतरी आधीच धरून ठेवलेले आहे, या नव्या, अनोळखी, काहीशा अवघडलेल्या जाणिवेसकट पुढच्या घावाची वाट पाहत राहिला...